आधी पाण्याची वाट शोधा: सोलापुरातली जुनी जागा हिरवी राखणाऱ्या नवख्यांसाठी

सोलापुरात जुनी जागा म्हटलं की भुईकोट किल्ला आठवतो. बहामनी काळातला हा किल्ला, त्याची दुहेरी तटबंदी, खंदक आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. किल्ल्याला लागून हुतात्मा बाग आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांची आठवण या शहराने जपली आहे, आणि ती बागेच्या नावातही आहे. विजापूर रस्त्याला संभाजी तलाव आहे, जुने लोक त्याला अजून कंबर तलावच म्हणतात. ही झाली ठळक नावं. यांच्याखेरीज शहराचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांची ६८ लिंगं शहरात विखुरलेली आहेत. कुठे मोठं देऊळ, कुठे बोळात छोटीशी घुमटी आणि शेजारी बेल किंवा पिंपळ. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे भक्तांनी उचललेल्या उंच सजवलेल्या काठ्या, या लिंगांची प्रदक्षिणा करतात. ज्याला आपल्या भागातली जुनी जागा शोधायची आहे त्याने ही वाट एकदा पायी चालून यावी. शिवाय बंद पडलेल्या गिरण्यांची आवारं आहेत, जुन्या विहिरी आहेत, दर्ग्यांच्या आणि मठांच्या मागची मोकळी अंगणं आहेत.

अशी एखादी जागा गल्लीतल्या लोकांनी मिळून स्वच्छ, सावलीची आणि सगळ्यांना बसता येईल अशी करायची ठरवली, तर सुरुवात कुठून करायची, हे इथे क्रमाने सांगतो. माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो: पहिल्या दिवशी रोप आणू नका. नवखा गट हमखास खड्ड्यापासून सुरुवात करतो, जूनमध्ये फोटो निघतात आणि मार्चमध्ये नुसत्या काठ्या उभ्या असतात. जुन्या जागेत झाड लावणं हे पाचवं-सहावं काम आहे.

पहिली पायरी: जागा कोणाची ते कागदावर बघा

‘ती तर मनपाची जागा आहे’ असं सगळेच सांगतात. त्यावर जाऊ नका. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, गावठाणाबाहेरची जागा असेल तर सातबारा. मालक महापालिका, देवस्थानचा ट्रस्ट, वक्फ, रेल्वे, वन विभाग किंवा खाजगी माणूस यांपैकी कोणीही निघू शकतो. खाजगी असेल तर लेखी संमतीशिवाय पाऊल टाकू नका, कारण दोन वर्षं सांभाळलेली झाडं एका सकाळी तोडलेली बघणं फार जड जातं.

भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती अशा वास्तूंना लागू होते. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. संरक्षित हद्दीच्या आत तर रोपासाठी खड्डा घेणंही आपल्या मनाने करायचं नाही. जमिनीखाली काय आहे ते आपल्याला दिसत नसतं.

झाडांच्या बाबतीत १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी भागातल्या झाडांचा कायदा लागू होतो. झाड तोडायचं असो की मोठी फांदी छाटायची असो, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं आणि त्याहून जास्त वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं आहे. तुमच्या जागेतली जुनी चिंच किंवा वड बहुधा त्यात बसेल.

अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या. एक प्रत आवक खिडकीवर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती फाइलला लावा. पुढच्या वेळी साहेब बदललेले असतात, तेव्हा हा क्रमांकच कामाला येतो. पहिल्या अर्जात तीनच गोष्टी मागा: कचरा उचलणं, गाजरगवत उपटणं आणि आहेत त्या झाडांना पाणी घालणं. एवढ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि तेवढ्यात तुमची ओळख होते.

दुसरी पायरी: एक पावसाळा नुसतं बघा

हे नवख्यांना सगळ्यात अवघड जातं, आणि सगळ्यात मोलाचंही हेच आहे.

सोलापूर पर्जन्यछायेतलं शहर. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरी ५०० ते ५५० मिलिमीटरच्या घरात, तोही बेभरवशाचा. जूनमध्ये एक-दोन सरी, मग लांबलेली उघडीप, आणि खरा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरमध्ये, परतीच्या वाटेवर. अशा मुलखात जुन्या लोकांनी पाण्याचा विचार केल्याशिवाय काहीही बांधलं नाही. सिद्धेश्वर तलाव १२व्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून उभा केला, असं परंपरा सांगते. शहराच्या उत्तरेला आदिला नदीवर हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. लहान जागांनाही हेच लागू. देवळाच्या फरसबंदीचा उतार, तटाच्या पायथ्याची दगडी मोरी, विहिरीकडे जाणारा पन्हळ, हे सगळं विचार करून ठेवलेलं आहे. जागा उजाड होते ती बहुतेक वेळा ही वाट बुजल्यामुळे. कोणीतरी भराव टाकतं, कोणी पेव्हर ब्लॉक बसवतं, कोणी कट्टा बांधतं, आणि मग पाणी नको तिथे साचतं, हवं तिथे पोचत नाही.

म्हणून जोरदार पाऊस ओसरला की पाच मिनिटांत जागेवर जा. पाणी अजून वाहत असतं. सोबत डबाभर रांगोळी किंवा चुना ठेवा. पाणी जिथून आत येतं, जिथे वळतं, जिथे थबकतं आणि जिथे नाहीसं होतं, तिथे जरा उंचावर, कोरड्या भागात खुणा करत चला आणि लगेच फोटो काढा. दुसऱ्या दिवशी त्या खुणा कागदावर उतरवा. असं तीन-चार पावसांत केलं की जागेचा नकाशा तयार होतो, आणि तो कुठल्याही कार्यालयात मिळत नाही.

दुसरी खूण दिवाळीनंतर दिसते. सगळीकडचं गवत पिवळं पडत असताना एखादा अरुंद पट्टा हिरवा राहतो. तिथे खाली ओल आहे. कधी बुजलेली मोरी असते, कधी जुना पाट, कधी नुसती फुटलेली पाइपलाइन. चौकशी करून खात्री करा. सरळ ओळीत, जमिनीच्या पातळीला घडीव दगड दिसले तर ती वाट जवळपास नक्की समजा.

बुजलेली मोरी मोकळी करायची तर हाताने. खुरपं, घमेलं, फावडं, आणि मालकाची परवानगी. जेसीबी कधीच नाही. जुन्या जागेतला एक फुटाचा थरही खापरांनी भरलेला असू शकतो, आणि यंत्राचं एक बोट तो कायमचा विस्कटतं. नाणं किंवा तशी काही मौल्यवान वस्तू सापडली तर ती खिशात घालायची नाही. १८७८ च्या निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाच्या, कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मूर्ती, वीरगळ किंवा लेख असलेला दगड निघाला तर आहे तिथेच ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि सोलापूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे विचारणा करा.

तिसरी पायरी: जागा आज कोण वापरतं

ओसाड दिसणारी जागा क्वचितच रिकामी असते. सकाळी फिरणारे पेन्शनर येतात, दुपारी रिक्षावाले सावलीला थांबतात, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट असतं, उन्हाळ्यात बायका कुरडया-पापड वाळवतात, कोणाच्या शेळ्या असतात, गुरुवारी कोणी दिवा लावून जातं. आठवड्यातले दोन वेगवेगळे दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ बसून हे लिहून काढा. मग त्या प्रत्येकाशी बोला.

सोलापुरात हे बोलणं एका भाषेत होत नाही. पूर्व भागात गेलात तर हातमाग-यंत्रमागावर आयुष्य काढलेली तेलुगू भाषिक आजी-आजोबा मंडळी भेटतील, पलीकडच्या पेठेत कन्नड, तिसऱ्या गल्लीत उर्दू. तुमच्या गटात या भाषा येणारं एक-एक माणूस असू द्या. ‘आजोबा, तुमच्या लहानपणी इथे काय होतं?’ हा प्रश्न त्यांच्या घरच्या भाषेत विचारला की उत्तर लांबलचक येतं. विहीर कुठे होती, पाणी कडू होतं की गोड, कोणतं झाड वादळात पडलं, कोणत्या बाजूला कोणी बसत नसे आणि का. शक्य तर जागेवर हिंडत विचारा, खुर्चीवर बसून नको. लिखित माहितीसाठी १८८४ चा सोलापूर जिल्ह्याचा गॅझेटिअर आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालयं आहेत, तिथे जरूर जा.

क्रिकेटच्या पोरांना हाकलू नका. त्यांची खेळपट्टी सोडून बाकीची आखणी करा. खेळणारी पोरं रोज तिथे असतात, आणि रोपाची काठी कोणी उपटली तर ती त्यांनाच आधी दिसते. शेळीवाल्यालाही शत्रू करू नका. दोन वर्षं कुंपणाच्या आत नको, बाहेरचा पाला ने, असं ठरवता येतं. आणि बायकांना विचाराच की संध्याकाळी सातनंतर इथे यायला काय अडतं. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: झुडपांमुळे पलीकडचं दिसत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंची झुडपं तीन फुटांखाली ठेवली तरी फार फरक पडतो.

चौथी पायरी: काय करायचं नाही ते ठरवा

उत्साहात जुन्या जागेचं जेवढं नुकसान होतं तेवढं दुर्लक्षाने होत नाही. म्हणून गटातल्या प्रत्येकाने पुढच्या गोष्टी पाठ केलेल्या बऱ्या.

जुन्या दगडाला ऑइल पेंट नाही, ॲसिड नाही, तारेचा ब्रश नाही. मऊ झाडू आणि साधं पाणी एवढंच. सांधे भरायला सिमेंट नाही. जुनी बांधणी चुन्याची असेल तर ती ओल शोषते आणि सोडते, सिमेंट ती ओल आत कोंडतं आणि मग दगडाचाच पापुद्रा सुटतो. चुन्याचं काम जाणकार गवंड्याचं आहे, स्वयंसेवकाचं नाही.

तटातून किंवा देवळाच्या शिखरातून उगवलेला पिंपळ ओढून काढू नका. त्याची मुळं सांध्यात दूरवर गेलेली असतात आणि रोपाबरोबर दगड हातात येतो. परवानगी घेऊन वरून कापणं आणि मुळाचा बंदोबस्त जाणकाराकडून करून घेणं, हाच मार्ग. रोप बोटभर असतानाच दर पावसाळ्यानंतर पाहणी केली तर ही वेळ येत नाही.

जुन्या विहिरीत किंवा बारवेत स्वतः उतरू नका. बंद विहिरीत प्राणवायू कमी असतो, विषारी वायू असू शकतो, आणि वाचवायला गेलेला दुसरा माणूसही जातो. गाळ काढायचा असेल तर हे काम नेहमी करणाऱ्या, साधनं असलेल्या माणसांकडूनच.

तटाच्या कपारीत किंवा उंच फांदीवर आग्या मोहोळ आहे का ते आधी बघा. असेल तर त्या बाजूला धूर, मोठा आवाज, अगरबत्ती, काही नको. दगडांच्या ढिगात घोणस आणि नाग असतात. गमबूट घाला, दगड उचलताना काठीने आधी हलवा, आणि सर्पमित्राचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

पाचवी पायरी: सफाई, आणि वेडी बाभूळ

प्लास्टिक, काच, निर्माल्य वेगळं करून उचलणं सोपं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. निर्माल्यासाठी पाण्याच्या काठावर झाकणाची कुंडी ठेवा आणि ती रोज रिकामी होईल हे बघा. एक दिवस जरी भरून वाहिली तरी लोक पुन्हा पाण्यात टाकायला लागतात.

गाजरगवत फुलायच्या आधी, पाऊस पडून माती ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि नाकाला रुमाल हवाच, कारण त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमही लागतो. फुलं येण्याआधी उपटलेलं गवत खतात चालतं, फुलं आल्यावरचं नाही. पानांवर काळ्या रेघांचे पिवळट भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे आहेत, गाजरगवत खाण्यासाठीच १९८४ मध्ये आपल्याकडे सोडले गेले.

खरी झुंज वेड्या बाभळीशी असते. खंदक, तलावकाठ, गिरणीचं आवार, जिथे माणसाचं लक्ष उडालं तिथे ती येते. नुसती कोयत्याने छाटली तर एका खोडाच्या जागी दहा फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी आत शिरताही येत नाही. तिचा फुटवा जमिनीखालच्या खोडाच्या गाठीतून येतो, म्हणून ती गाठ काढावी लागते. पद्धत अशी: आधी खालच्या फांद्या तोडून माणूस बसेल एवढी जागा करा. खोड गुडघाभर उंच ठेवूनच कापा, धरायला उपयोगी पडतं. मग ओल्या जमिनीत खोडाभोवती कुदळीने फूट-दीड फूट खोल गोल चर घ्या. बाजूची मुळं कुऱ्हाडीने तोडा, ठेवलेला बुंधा दोघांनी धरून हलवा आणि पहारीने गाठ वर काढा. गाठ निघाली की ते झाड परत येत नाही. तटाजवळ, पायऱ्यांजवळ किंवा जुन्या बांधकामाला लागून असेल तर मात्र खणायचं नाही, तिथे जमिनीसरशी कापून दर महिन्याला फुटवे खुडत राहायचं. वर्ष-दीड वर्षात ती दमते. काटे सायकलचं टायरच काय, चपलेचा तळवाही फोडतात, म्हणून तोडलेला काटा त्याच दिवशी एका जागी रचा. हाच काटा पुढे रोपांच्या कुंपणाला येतो. आणि हे करायच्या आधी जुन्या अर्जावर न थांबता झाड काढायची परवानगी वेगळी घ्या.

सगळी वेडी बाभूळ एका हंगामात साफ करू नका. तिच्यात सुगरणी, होले, बुलबुल घरटी करतात. पट्टे पाडा: एक पट्टा काढा, तिथे देशी रोपं आणि गवत धरू द्या, मगच दुसरा. मोकळी केलेली जमीन तशीच ठेवली तर पहिल्याच पावसात तिथे गाजरगवत येतं.

सहावी पायरी: लावणी

आता रोप. आणि इथेही आधी विचारायचं, की इथे झाड हवंच का? सोलापूरचा मूळ मुलूख माळरानाचा आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते याच गवताळ माळासाठी. उतारावरच्या मुरमाड पट्ट्यात पवना, मारवेल, कुसळीसारखं गवत राखलं तर माती धरते, टिटवीला जागा राहते आणि पाणीही घालावं लागत नाही. तटासमोर झाडांची भिंत उभी केली तर ज्यासाठी लोक येतात तो तटच झाकला जातो. परदेशी लॉन तर इथे लावूच नये. ज्या शहरात नळाला दिवसाआड सोडाच, कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येतं, तिथे लॉनला पाणी मागणं बरं दिसत नाही.

झाडं लावायची ती अशी. सावलीला कडुनिंब, करंज, चिंच. ओल टिकते तिथे, तलावकाठी किंवा मोरीच्या तोंडाशी, अर्जुन, उंबर, जांभूळ. उथळ मुरमात हिवर, बोर, शमी, आपटा, खैर. फुलांना बहावा, पळस, पांगारा. देवळाच्या अंगणात बेल, कवठ. वड-पिंपळ लावायचाच असेल तर कुठल्याही जुन्या बांधकामापासून निदान १५ मीटर दूर, बाकी मोठी झाडं ५ मीटर तरी. गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी, सप्तपर्णी नको.

खड्डे मे महिन्यात घ्या आणि उन्हात तापू द्या. काळ्या मातीत दोन फूट लांब-रुंद-खोल पुरतो. मुरमात तीन फूट घ्या, कारण मूळ त्याबाहेर सहज जात नाही. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत तळाला. काळी माती उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढी भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात, म्हणून तिच्यात पालापाचोळा सढळ हाताने मिसळा.

रोप चार-पाच फुटांचं, जाड खोडाचं घ्या. पिशवी फाडल्यावर तळाशी मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर ती बोटांनी मोकळी करा किंवा कापा, नाहीतर झाड वर्षानुवर्षं खुरटंच राहतं. दोन चांगले पाऊस होऊन माती हातभर ओली झाल्यावर लावा. जून कोरडा गेला तर घाई करू नका, सप्टेंबरच्या पावसाआधी, ऑगस्टअखेर लावलेलं रोपही चांगलं धरतं. रोपाभोवतीची आळी पाण्याच्या वाटेला जोडा: दुसऱ्या पायरीत केलेला नकाशा इथे बाहेर काढायचा. उताराच्या वरच्या बाजूला आळीला तोंड ठेवलं की पावसाचं पाणी आपण होऊन आत येतं.

आणि मोजकी लावा. गटात दहा माणसं नियमित येत असतील तर पहिल्या वर्षी ४० रोपं पुष्कळ झाली.

सातवी पायरी: पहिले तीन उन्हाळे

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. झाड जगतं की मरतं ते इथे ठरतं, म्हणून गटाची ताकद लावणीसाठी न वापरता इथे वापरा.

हिशोब करा. एका रोपाला आठवड्यात दोनदा, दर वेळी १० लिटर. ४० रोपांना आठवड्याला ८०० लिटर, म्हणजे २०० लिटरचे चार बॅरल. हे पाणी नक्की कुठून येणार, कोण आणणार, कुठल्या वारी, हे फेब्रुवारीत लिहून भिंतीवर लावा. शेजारच्या शाळेचं, मंगल कार्यालयाचं हात धुण्याचं पाणी चालतं, साबण जास्त नसेल तर. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून शुद्ध केलेल्या पाण्याचा टँकर महापालिकेकडे मागता येतो. बोअरचं पाणी घालत असाल आणि आळीत पांढरा पापुद्रा दिसायला लागला, तर त्यात क्षार आहेत. पावसाळ्यात ते धुऊन जाऊ द्या आणि तोवर दुसरं पाणी मिसळा.

मडक्याची जुनी युक्ती इथे फार चालते. कुंभाराकडून रंग न दिलेलं मडकं घ्या, रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि तोंडावर दगडी चकती ठेवा, नाहीतर डास होतात. पाणी झिरपत राहतं, मुळं खोल जातात. आळीवर चार बोटं जाड पालापाचोळ्याचं आच्छादन द्या, खोडाला चिकटू देऊ नका. कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, ती जाळायची नाही, याच कामाला ठेवायची. पाणी हवं आहे का ते बघायला वरची माती बघू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घाला. गार आणि चिकट लागलं तर आज राहू द्या.

डिसेंबर ते मे वाळलेलं गवत पेटण्याची भीती असते. झाडांच्या पट्ट्याभोवती दोन मीटर रुंद जमीन गवत काढून मोकळी ठेवा, रस्त्याच्या बाजूने तर नक्कीच, कारण आग बहुतेक वेळा विडीच्या थोटकाने लागते. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर आणा, चौथ्यात बंद करा.

जुनी झाडं, नव्यापेक्षा आधी

जागेत शंभर वर्षांची एक चिंच असेल तर ती तुमच्या ४० रोपांपेक्षा मोठी आहे, आणि तिला बहुतेक गट विसरतात. तिच्या बुंध्याला भिडलेला सिमेंटचा कट्टा असेल तर परवानगीने भोवतालचं निदान एक मीटर मोकळं करा. खिळे, फलकांच्या तारा, दिव्यांच्या माळा काढा. बुंध्यावर भराव चढला असेल तर मूळ दिसेपर्यंत हाताने माती दूर करा. ढोलीत सिमेंट भरू नका, आत पाणी साचून खोड कुजतं, आणि ती ढोली पिंगळ्याची, पोपटाची असते. वाळकी फांदी वाटेवर झुकली असेल तेवढीच वृक्ष अधिकाऱ्याला दाखवून काढा, बाकीची राहू द्या, तिच्यात तांबट पक्षी घर कोरतो.

वाट बनवायची तर दाबलेल्या मुरमाची. पेव्हर ब्लॉकखाली मुळं गुदमरतात, पाणी मुरत नाही आणि एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. दिवे कमी उंचीचे, खाली प्रकाश पाडणारे, आणि दहानंतर बंद. बाकं थोडी, सावलीत, तटाकडे किंवा पाण्याकडे तोंड करून. जागेची माहिती देणारा एक फलक पुरे, मराठीसोबत परिसरात बोलली जाते त्या भाषेत, आणि तो झाडाला ठोकायचा नाही.

गट, पैसा आणि नोंदवही

सुरुवातीला संस्था नोंदवण्याची गरज नाही. पाच-सात जणांनी वार ठरवून येणं महत्त्वाचं. पैसे लोकांकडून घेणार असाल तर मात्र बँक खातं आणि नोंदणी करा, आणि दर महिन्याचा जमाखर्च जागेवरच लावा. वस्तूच्या रूपात मदत मागणं सोपं जातं: कोणी बॅरल देईल, कोणी मडकी, कापड कारखानदार जुन्या चादरी देईल, त्या तुकडे करून नव्या रोपांच्या खोडाला उन्हापासून बांधायला उपयोगी पडतात.

एक जाड नोंदवही ठेवा आणि तिच्यात प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. लावल्याची तारीख, जात, कोणी लावलं, पाणी कोणत्या वारी, उन्हाळ्याअखेर उंची. मेलेल्या रोपाचीही नोंद करा आणि शेजारी कारण लिहा: शेळी, वाळवी, पाणी चुकलं, मुरूम लागला. पहिल्या पानावर पावसाच्या पाण्याचा तुमचा नकाशा चिकटवा, मागच्या पानावर परवानग्यांचे आवक क्रमांक. वही एकाच्याच घरी राहू देऊ नका, दर सहा महिन्यांनी ती दुसऱ्याकडे द्या आणि देताना दोघांनी मिळून जागेवर एक फेरी मारा, प्रत्येक क्रमांकाचं झाड प्रत्यक्ष बघून.